आइसलंडांतील अश्वारोहण व नगरविहार

सुट्टी लागली कीं महाबळेश्वर, नाहीं तर माथेरान, हा आपल्याकडील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांचा ठरलेला परिपाठ आहे. तेथें गेल्यावर मुलांना घोड्यावर बसवावयाचें, मोतद्दारानें लगाम धरून पुढें चालावयाचें, आणि एका पॉइंटापासून दुसऱ्या पॉइंटापर्यंत जाऊन आल्यावर 'आमचा बाळ घोड्यावर बसला' म्हणून समाधान मानावयाचें, हेंही तितकेंच ठरलेलें. वरातीचा प्रसंग सोडला तर आपला आणि घोड्याचा याहून अधिक संबंध आतां उरलेला नाहीं. ज्या प्रांतांतील भीमथडीच्या तट्टांनीं मराठ्यांचीं निशाणें अटकेपावेतों नेलीं, त्याच प्रांतांत तीं तट्टें आज हुडकून काढावीं लागतात. आणि त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदफ्तरीं नोंद झाली ती अगदीं अलीकडे.

हे विचार मनांत येण्यास कारण असें कीं, गेल्या जूनच्या अखेरीस आम्हांस आइसलंड नांवाच्या बेटावर आठ दिवस राहण्याचा योग आला. आमच्या वडील वहिनींचे चिरंजीव पंधरा वर्षें जर्मनींत हँबुर्ग येथें नोकरीस आहेत. त्यांच्याकडे म्हणून निघालेली आमची मंडळी, म्हणजे आम्ही उभयतां, वहिनी आणि आमची कॉलेजांत शिकणारी कन्या, त्यांच्याच आग्रहावरून पुढें उत्तरेस गेली. बर्फाचें बेट या नांवावरून जी कल्पना होते ती खरी नव्हे. हिमनद्या आहेत, परंतु लोक राहतात तो किनारा उन्हाळ्यांत हिरवागार असतो, आणि जूनमध्यें तेथें रात्र अशी होतच नाहीं. सूर्य मध्यरात्रींच्या सुमारास टेकतो आणि तीनच्या आंत पुन्हां डोकें वर काढतो. मधल्या वेळांत संधिप्रकाश. संध्येची वेळ कोणती धरावी, असा प्रश्न वहिनींना पहिल्याच दिवशीं पडला. आम्हीं घड्याळाकडे बोट दाखविलें.

या बेटावर माणसांची वस्ती चार लक्षांच्या आंत आहे आणि घोडे सुमारें पाऊण लक्ष. म्हणजे दर पांच माणसांमागें एक घोडा. हे घोडे आले नवव्या-दहाव्या शतकांत, नॉर्वेकडून उघड्या नौकांतून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर. नौकेंत जागा थोडी, म्हणून निवडक व दणकट जनावरेंच आणलीं असतील हें उघड आहे. त्यानंतर हजार वर्षें त्यांच्या रक्तांत बाहेरच्या घोड्याच्या रक्ताचा थेंबही मिसळला नाहीं असें सांगतात. उंचीनें हा घोडा साडेतेरा मुठींच्या आसपास, म्हणजे इंग्रजी हिशेबानें तट्टूच; पण त्यास तट्टू म्हटलेलें तेथील लोकांना मुळींच खपत नाहीं. आयाळ डोळ्यांवर येईल इतकी दाट, थंडींत अंगावर अस्वलासारखे केस, आणि पाठीवर नव्वद किलोचा स्वार सहज वाहून नेण्याची ताकद.

या ताकदीची किंमत निसर्गानें वसूल करून घेतली आहे. १७८३ सालीं लाकी येथें जमीन दुभंगली आणि आठ महिने लाव्हारस वाहत राहिला. त्यांतील विषारी वायूनें गवत नासलें, तें खाऊन बेटावरील निम्म्याहून अधिक जनावरें गेलीं, आणि पाठोपाठ पडलेल्या दुष्काळांत माणसांपैकीं सुमारें पंचमांश मेलीं. जीं घोडीं त्यांतून तगलीं त्यांचीच ही प्रजा. देशभोंवतालचा वर्तुळाकार रस्ता पुरा झाला तो १९७४ सालीं. उतारूंची आगगाडी तर तेथें कधींच धांवली नाहीं. तोंपर्यंत पूल नसलेल्या नद्यांतून वैद्याला रोग्याकडे नेणें, वधूला सासरीं पोंचविणें आणि प्रेत स्मशानभूमीपर्यंत वाहणें हीं सर्व कामें घोड्याचीं. आइसलंडी भाषेंत त्यास 'सर्वांत गरजेचा सेवक' अशा अर्थाचें एक नांवच आहे.

देवादिकांच्या कथांतही तो आहे. आपल्या उच्चैःश्रव्याला सात मुखें, तर त्यांच्या ओडिन देवाच्या स्लेइप्निर घोड्याला आठ पाय. बेटाच्या उत्तरेस नालाच्या आकाराची एक मोठी दरी आहे ती त्याच्या एका टापेनें पडली म्हणतात. पण आम्हांस अधिक चटका लावून गेली ती तेराव्या शतकांत लिहिली गेलेली ह्राफ्नकेलची कथा. या सरदारानें आपला आवडता घोडा फ्रेयर देवाला अर्धा अर्पण केला होता, आणि परवानगीवांचून जो त्यावर बसेल त्यास ठार करीन अशी शपथ वाहिली होती. आइनार नांवाच्या गरीब मेंढपाळाच्या मेंढ्या हरवल्या. इतर घोड्या त्यास पाहून दूर पळाल्या. हा एकटा घोडा मात्र जागचा हलला नाहीं. आइनारनें दिवसभर त्यास पिटाळलें. सायंकाळीं घामानें व चिखलानें माखलेला तो घोडा आपण होऊन धन्याच्या दारीं गेला आणि खिंकाळला. ह्राफ्नकेलनें शपथ पाळली व मेंढपाळाचा प्राण घेतला. पुढें शत्रूंनीं त्या घोड्यालाही कड्यावरून लोटून दिलें. मुक्या जनावराच्या ठायीं माणसाची शपथ गुंतली म्हणजे कोणाचेंच बरें होत नाहीं, हें आमच्या कन्येनें ही कथा ऐकतांच म्हटलें, आणि आम्हांस तें पटलें.

आतां प्रत्यक्ष स्वारीकडे वळूं. रेक्याविक या राजधानीपासून मोटारीनें अर्ध्या तासावर, लाव्हाच्या माळावर एक पागा होती. तेथें आम्हीं दोन दिवस गेलों. मालकीण पन्नाशीची, अंगानें सडपातळ, बोलणें थोडें. प्रत्येकाला निरखून तिनें घोडा नेमून दिला. आमच्या वांट्यास एक करडा, पोक्त वयाचा घोडा आला. येथें मोतद्दार लगाम धरून चालत नाहीं. रिकिबींत पाय गेला कीं घोडा तुमचा आणि तुम्ही घोड्याचे.

सर्वत्रच्या घोड्यांना कदम, दुडकी आणि दौड या चाली असतात. येथील घोड्याला त्यांशिवाय आणखी दोन असूं शकतात. पैकीं 'टॉल्ट' म्हणतात ती आपल्याकडील रहवाल चालीची बहीण. चारही पाय ओळीनें एकामागून एक पडतात, आणि एक तरी पाय नेहमीं जमिनीवर असतो; त्यामुळें घोडा हवेंत उसळत नाहीं आणि स्वाराला गचका बसत नाहीं. दुडकीवर ज्यांच्या मणक्यांचे हाल झाले असतील त्यांनाच या सुखाची किंमत कळेल. पाण्यानें भरलेला पेला हातांत धरून या चालीनें थेंबही न सांडतां जाण्याच्या चढाओढी तेथें लागतात. (पेल्यांत पाणीच असतें असें नाहीं, पण तो भाग सोडून देऊं.) दुसरी चाल 'स्केइद', एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्याची, ती शर्यतीची व निष्णात स्वारांची, आमच्यासारख्यांनीं दुरून पाहण्याची. २०१२ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, या जास्तीच्या चाली एका विशिष्ट आनुवंशिक बदलामुळें येतात. तो अंगीं असेल त्याच घोड्याला त्या साधतात; नसेल त्याला चाबकानेंही शिकवितां येत नाहींत.

पहिल्या दिवशीं आम्ही लगाम आवळून, गुडघे दाबून, मांड ठोकून बसलों, आणि घोडा आपला कदमावरच. मालकीण म्हणाली, "तुम्ही त्याला सारखे कांहीं तरी सांगत आहां. गप्प बसा." पाठ सैल सोडून, हात स्थिर ठेवून बसल्याबरोबर त्यानें मान उंचावली आणि खालीं चार टापांचा एकसारखा ताल सुरू झाला. दोहोंकडे काळ्या लाव्हावर करड्या-हिरव्या शेवाळाची गादी, समोर डोंगरावर बर्फाचे पट्टे, आणि अंगाला झोंबणारा वारा. आमची कन्या पुढें निघून गेली होती. वहिनींचें वय पासष्ट. त्या कांहीं बसणार नाहींत असें आम्हीं गृहीतच धरलें होतें. परंतु त्यांनीं नऊवारीऐवजीं पंजाबी पोषाख मुद्दाम आणला होता, हें तेथें पोंचल्यावर उघडकीस आलें. त्यांना मिळालेली घोडी इतकी शांत कीं, तिच्यावर बसून त्यांनीं रामरक्षा पुरी म्हटली.

वंशावळीची येथील आस्था पाहून आपल्याकडील कुलवृत्तांतांची आठवण होते. देशोदेशींच्या लाखों आइसलंडी घोड्यांची नोंद एका ठिकाणीं आहे, आणि प्रत्येकाचें आईबाप, आजेपणजे पाहतां येतात. माणसांना येथें बहुधा आडनांव नसतें, बापाच्या नांवापुढें 'चा मुलगा' किंवा 'ची मुलगी' लावतात. घोड्याला मात्र गांव आहे. त्याच्या नांवापुढें तो जेथें जन्मला त्या शेताचें नांव 'पासूनचा' या अर्थाच्या शब्दानें जोडतात. आपलें 'कर' लावण्यासारखेंच हें. चार वर्षांचा होईपर्यंत घोड्यावर कोणी बसत नाहीं. तोंवर तो कळपांत, पुष्कळदां डोंगरांतील कुरणांत, मोकळा वाढतो. म्हणूनच तो बुजत नाहीं, असें मालकिणीचें म्हणणें.

आणि आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली ती. या देशांत बाहेरचा घोडा आणण्यास कायद्यानें बंदी आहे. इतकेंच नव्हे, तर येथील घोडा एकदां बेटाबाहेर गेला कीं त्याला परत येतां येत नाहीं. मग तो विकला गेलेला असो कीं शर्यतीस गेलेला असो. दर दोन वर्षांनीं युरोपांत या जातीच्या घोड्यांचे जागतिक सामने भरतात. आइसलंडचे उत्तम स्वार आपले उत्तम घोडे घेऊन तेथें जातात, पदकें जिंकतात, आणि घोडा तेथेंच सोडून रिकाम्या हातांनीं परततात. वर्षानुवर्षें ज्यास घडविलें त्याचा निरोप घेऊनच सामन्याला निघावयाचें.

हा निर्दयपणा नव्हे. हजार वर्षें एकट्यानें राहिलेल्या या जातीला बाहेरच्या रोगांची संवय नाहीं. २०१० सालीं एक साधा खोकल्याचा रोग बेटांत शिरला आणि बहुतेक साऱ्या घोड्यांत पसरला. परदेशीं घोडे पाठविणें थांबलें, आणि 'लान्द्स्मोत' नांवाचा जो राष्ट्रीय अश्वमेळा १९५० पासून भरत आला आहे, तो त्या वर्षीं रद्द करून पुढील वर्षीं भरवावा लागला. उलट बाजूनेंही तेंच. बेटावर जन्मलेला घोडा मोठेपणीं युरोपांत गेला तर तिकडील चिलटांच्या चावण्यानें त्याच्या अंगाला अशी खाज सुटते कीं कित्येक घोडे झाडांवर घांसून अंग रक्तबंबाळ करून घेतात. तिकडेच जन्मलेल्या त्यांच्या पिलांना हा त्रास पुष्कळ कमी होतो. शुद्धता राखावयाची तर दार लावावें लागतें. आणि दार लावलें कीं आंतला मनुष्य असो, घोडा असो, नाजूक होतो. आपल्याकडे भीमथडीच्या तट्टाचें उलट झालें. दारें उघडी राहिलीं, संकर झाला, पुढें सैन्यांतलें काम संपलें, आणि विचारणारा कोणी उरला नाहीं. धनगर-मेंढपाळांनीं आपलें बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर लादून गांवोगांव नेलें म्हणून जीं राहिलीं तीं राहिलीं.

तथापि आइसलंडी लोकांचें घोड्यावर प्रेम आहे म्हणून तेथें सारें गोडच आहे, असें लिहून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाहीं. घोड्याचें मांस तेथें खातात. इसवी सन १००० च्या सुमारास लोकसभेंत ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचें ठरलें तेव्हां जुन्या धर्माच्या ज्या गोष्टींना कांहीं काळ मुभा राहिली त्यांत ही एक होती. आणि याहून आम्हांस अधिक बोंचलें तें निराळेंच. हजारों गाभण घोड्यांचें रक्त काढून त्यापासून डुकरांची पैदास वाढविण्याचें औषध बनवितात. २०२१ सालीं त्या कामाचें चित्रण बाहेर आलें तेव्हां तेथेंच मोठा गहजब झाला आणि पुढें नियम कडक करण्यांत आले. मालकिणीपाशीं आम्हीं हा विषय काढला. ती म्हणाली, "आम्हांला त्याची लाज वाटते; पण त्यावर ज्यांचें शेत चालतें ते आमचेच शेजारी आहेत." इतकें बोलून ती खोगीर उतरवावयास गेली.

स्वारी संपल्यावर पागेंतच कॉफी झाली. भिंतीवर एका तांबूस घोडीचें छायाचित्र होतें. ती मालकिणीनें स्वतः वाढविलेली. सात वर्षांची असतां जर्मनींत विकली. "पैशाची गरज होती," ती म्हणाली. तो कायदा आमच्या पुतण्यांनीं वहिनींना मराठींत समजावून सांगितला. वहिनींनीं विचारलें, "मग तिला पाहावंसं वाटलं तर?"

"मी जातें. दर वर्षीं एकदां. ती माझा आवाज ओळखते."

"आणि तिला इकडे आणायचं म्हटलं तर?"

"तें नाहीं."

वहिनी पुढें कांहीं बोलल्या नाहींत. त्यांच्या शेजारींच त्यांचे चिरंजीव बसले होते. तेही उगीच कपांत चमचा फिरवीत राहिले. आमच्या आजोबांच्या काळीं समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला निदान प्रायश्चित्त घेऊन पंक्तीला परत बसतां येत असे. पंचगव्यानें भागणारें तें काम. येथें त्याची सोय नाहीं. निघतांना वहिनींनीं आपल्या घोडीच्या कपाळावर हात ठेवला, आणि मोटारींत बसेपर्यंत दोनदां मागें वळून पाहिलें.

राजधानींतल्या चार दिवसांबद्दल आतां थोडें. रेक्याविक म्हणजे धुराचा उपसागर. पहिल्या वसाहतवाल्यांना जो धूर दिसला ती जमिनींतून निघणारी वाफ होती, आणि आजही साऱ्या नगरीचें सुख तिच्यावरच उभें आहे. घरोघर नळाला येणारें ऊन पाणी जमिनींतलें किंवा जमिनीच्या उष्णतेनें तापविलेलें. कित्येक ठिकाणीं त्याला वज्रेश्वरीच्या कुंडासारखा गंधकाचा वास येतो. हिंवाळ्यांत घरें त्यावरच उबदार राहतात. दुकानांनीं गजबजलेल्या मुख्य रस्त्याचें नांव लौगावेगुर, म्हणजे ऊन झऱ्यांकडचा रस्ता. पूर्वीं गांवांतल्या बायका कपड्यांचें ओझें पाठीवर घेऊन याच वाटेनें कोसभर दूर झऱ्यांवर धुणें धुवावयास जात, हिंवाळ्यांतही. आणि उकळत्या पाण्यांत तोल जाऊन कित्येकी दगावल्या. १९३० सालीं त्याच झऱ्यांचें पाणी नळानें प्रथम गांवांत आणलें आणि एक शाळा, कांहीं घरें त्यावर तापविलीं. झऱ्यांच्या जागीं आतां बाग आहे, आणि तेथें धोबिणीचा एक पुतळा. मोठमोठ्या राजकारण्यांच्या पुतळ्यांपेक्षां आम्ही त्याच्यापाशीं अधिक वेळ थांबलों.

सायंकाळीं आपल्याकडे लोक पारावर किंवा देवळांत जमतात तसे तेथें पोहण्याच्या तलावावर जमतात. तलाव उघडे, पाणी ऊन, आणि बाजूला अडतीस ते चव्वेचाळीस अंशांचीं लहान कुंडें. त्यांत गळ्यापर्यंत बुडून म्हातारेकोतारे, प्राध्यापक, दुकानदार, सारे राजकारणाच्या गप्पा मारतात. आंत शिरण्याचा नियम मात्र सोवळेंओवळें पाळणाऱ्यांनाही लाजविणारा आहे. स्त्रीपुरुषांच्या स्नानगृहांत वेगवेगळें, पण सर्वांदेखत, विवस्त्र होऊन साबणानें स्नान केल्यावांचून पाण्यांत पाय टाकतां येत नाहीं. कोणते अवयव धुवावयाचे त्याचें चित्र भिंतीवर लावलेलें असतें. आमच्या मंडळींपैकीं निम्म्यांचें धैर्य तेथेंच संपलें. वहिनींसाठीं गांवालगतच्या सेल्त्यार्नार्नेस येथें समुद्रकांठीं दगडांत कोरलेलें, केवळ पाय बुडवून बसण्याचें एक ऊन कुंड सांपडलें. रात्रीं अकराला उन्हांत तेथें बसून त्यांनीं मुलाकडून घरच्या साऱ्या गोष्टी खोदून खोदून विचारून घेतल्या.

शाकाहाऱ्यांनीं फार भिऊं नये. 'स्किर' नांवाचा चक्का सर्वत्र मिळतो, शंकरपाळ्यांच्या जातीचा 'क्लेइना' तळलेला मिळतो, आणि वाफेवर तापविलेल्या कांचगृहांतले टोमॅटो-काकड्या बारमाही. महागाई मात्र सोसावी लागते. दोन वेळच्या बाहेरच्या जेवणाच्या पैशांत आपल्याकडे आठवडा निघेल.

नगराच्या कडेला विदिदालुर नांवाच्या भागांत तबेल्यांची एक वसाहतच आहे. कचेरींत काम करणारे लोक संध्याकाळीं तेथें जाऊन आपला घोडा स्वतः खरारतात, त्याला चारा घालतात आणि तासभर फिरवून आणतात. त्यांचें 'फाकुर' नांवाचें मंडळ १९२२ पासून चालत आलें आहे. ज्यांना सवड असेल त्यांनीं सप्टेंबरांत जावें. त्या महिन्यांत उत्तरेकडे डोंगरांतून शेंकडों घोडे खालीं हांकून आणतात आणि ज्याचे त्याला वांटून देतात. स्वारीचें सामान पागेंतच मिळतें. आपले वापरलेले हातमोजे, खोगीर, लगाम कांहींही बरोबर नेऊं नये. परदेशीं घोड्याच्या अंगाला लागलेलें चामडें बेटावर येऊं देत नाहींत.